सुतावरून स्वर्ग न गाठता: इंग्रजी शब्दांचे मूळ शोधण्याची रीत

चोरीच्या तपासात पोलिसांना ‘क्लू’ मिळाला, अशी बातमी आपण वाचतो तेव्हा त्या लहानशा शब्दाच्या पोटात सुताचा गुंडा आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ गुंडाळलेले सूत एवढाच होता. ग्रीक पुराणकथेतील थीसियस क्रीट बेटावरच्या भुलभुलैयात शिरला, तेव्हा राजकन्या अ‍ॅरिअ‍ॅड्नी हिने त्याच्या हाती सुताचा गुंडा दिला. तो उलगडत तो आत गेला आणि तेच सूत धरून बाहेर आला. ही कथा इंग्रजीत इतक्या वेळा सांगितली गेली की हळूहळू गुंडा मागे पडला आणि ‘वाट दाखविणारी खूण’ एवढाच अर्थ उरला. आपण मराठीत तपासाचे ‘धागेदोरे’ म्हणतो, त्यामागची कल्पना हीच आहे.

सोलापुरात राहून इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीचा नाद लागलेल्या माणसाला दोन गोष्टी आयत्या मिळतात. एक म्हणजे विणकामाची भाषा: माग, धोटा, कांडी, ताणा, बाणा हे शब्द येथे पुस्तकातून शिकावे लागत नाहीत आणि इंग्रजीतील कितीतरी शब्द नेमके याच कामातून निघालेले आहेत. दुसरी म्हणजे शहराची बहुभाषिकता. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू या चारही भाषा एकाच गल्लीत कानांवर पडतात, आणि हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांची ओळख पटविताना या चार भाषांचा कान फार उपयोगी पडतो.

मात्र याच गोष्टींमुळे एक धोकाही वाढतो. ‘सुतावरून स्वर्ग गाठणे’ असे आपण ज्याला म्हणतो, ती व्युत्पत्तीच्या अभ्यासातील सर्वांत मोठी चूक आहे: दोन शब्दांचा उच्चार जुळला की त्यांचे मूळ एकच, असे ठरवून टाकणे. मराठीत विणकराचा तो माग आणि चोराचा काढतात तोही माग. पण उच्चार एक आहे एवढ्या आधारावर दोन्ही शब्द एकाच मुळातून निघाले असे म्हणता येत नाही, त्यासाठी प्रत्येकाचा जुना वापर स्वतंत्रपणे पाहावा लागतो. ही शिस्त लागावी म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मी वापरत असलेली रीत येथे क्रमाने मांडतो.

आधीची तयारी

एक जाड वही आणि व्युत्पत्ती देणारा एक चांगला इंग्रजी कोश, एवढे साहित्य सुरुवातीला पुरते. शाळेत वापरला जाणारा इंग्रजी–मराठी कोश या कामाला पुरत नाही, कारण त्यात अर्थ असतो, पण शब्दाचा इतिहास नसतो. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश हा या क्षेत्रातील मुख्य आधार होय. त्याची कल्पना १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत मांडली गेली, पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि संपूर्ण कोश पुरा व्हायला १९२८ साल उजाडले. हजारो वाचकांनी जुनी पुस्तके वाचून, शब्द ज्या वाक्यात आढळला ते वाक्य साल घालून चिठ्ठीवर उतरवून पाठवावे, अशी त्याची पद्धत होती, आणि म्हणूनच प्रत्येक अर्थाखाली सालवार अवतरणे दिसतात. मेरियम-वेबस्टरचा कोश इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो आणि त्यातही व्युत्पत्ती व पहिल्या वापराचा काळ दिलेला असतो. हिंदुस्थानी मुळाच्या शब्दांसाठी हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांचा १८८६ सालचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश, आणि मराठी बाजू पाहण्यासाठी मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश, असे दोन्ही जुने कोश संगणकावर वाचायला मिळतात. ज्यांना छापील पुस्तक हाताळायचे आहे, त्यांनी हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयात किंवा आपल्या महाविद्यालयाच्या संदर्भ विभागात चौकशी करावी.

‘हॉब्सन-जॉब्सन’ हे नावच या अभ्यासातला एक धडा आहे. मोहरमच्या मिरवणुकीत ‘या हसन, या हुसेन’ असा जो आक्रोश होतो, तो ऐकून गोऱ्या शिपायांनी आपल्या कानाला आणि जिभेला सोयीचे असे हे रूप बनविले. परका शब्द आपल्या ओळखीच्या आवाजात बसविण्याची ही प्रवृत्ती पुढे वारंवार भेटेल.

पहिली पायरी: शब्द रोमन लिपीत नेमका कोणता, ते ठरवावे

आपण इंग्रजी शब्द देवनागरीत लिहितो आणि ऐकतो, त्यामुळे कधी कधी दोन वेगळे शब्द एकाच वेशात समोर येतात. सोलापूरकरांना याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. मे १९३० मध्ये शहरावर लादला गेलेला ‘मार्शल लॉ’ आणि त्यानंतर १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन हे चार हुतात्मे येथे प्रत्येकाला ठाऊक असतात. या ‘मार्शल’चे स्पेलिंग एम-ए-आर-टी-आय-ए-एल असे आहे आणि तो रोमन युद्धदेव मार्स याच्या नावावरून आला आहे, मार्च महिन्याचे नावही त्याच देवाचे. सैन्यातील ‘फील्ड मार्शल’ या पदनामातील शब्द मात्र एम-ए-आर-एस-एच-ए-एल असा लिहितात. त्याचे मूळ जर्मानिक, म्हणजे इंग्रजी, जर्मन ज्यात मोडतात त्या भाषाकुळातले आहे आणि त्याचा पहिला अर्थ ‘घोड्यांचा चाकर’, म्हणजे साधा मोतद्दार, असा होता. राजाच्या घोड्यांची व्यवस्था पाहणाऱ्याचे महत्त्व वाढत गेले आणि मोतद्दाराचे नाव सेनापतीचे पद झाले. घोडीला इंग्रजीत जो ‘मेअर’ शब्द आहे, तो या शब्दाच्या पहिल्या अर्ध्या भागाचा नातेवाईक होय.

देवनागरीवर विसंबून कोणी ‘फील्ड मार्शल म्हणजे मार्स देवाचा माणूस’ असे लिहिले, तर ते ऐकायला सुंदर वाटेल, पण साफ चूक असेल. म्हणून वहीत शब्द उतरविताना त्याची अक्षरे सुटी करून लिहावीत. ही पायरी लहान आहे, पण तिच्यावाचून पुढचे सगळे श्रम वाया जाऊ शकतात.

दुसरी पायरी: व्युत्पत्तीची नोंद वाचायला शिकावे

कोशातील व्युत्पत्तीची ओळ पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती सांकेतिक लिपीसारखी वाटते. ती वाचण्याची सवय एका घराण्यावर करावी, हे उत्तम. टॉवेल-नॅपकिनचा मोठा धंदा आपल्या शहरात असल्यामुळे ‘नॅपकिन’ हाच शब्द घेऊ. नोंदीतला मजकूर साधारण असा असतो: मध्ययुगीन इंग्रजी, जुन्या फ्रेंचमधील ‘नाप’, म्हणजे मेजावर घालायचे कापड, आणि त्याला लहानपणा दाखविणारा ‘किन’ हा प्रत्यय, त्यामागे लॅटिन ‘माप्पा’, म्हणजे कापड किंवा रुमाल. नोंदीचा क्रम उलटा असतो, आधी जवळचा पूर्वज आणि मग दूरचा, जसे वंशावळीत वडिलांनंतर आजोबा आणि पणजोबा येतात. लॅटिनमधील पहिला ‘म’ फ्रेंचमध्ये ‘न’ झाला, हेही या नोंदीवरून दिसते.

आता याच घराण्यातील आणखी दोन माणसे पाहावीत. जगाचे चित्र कापडावर काढत असत, त्याला लॅटिनमध्ये ‘माप्पा मुंडी’, म्हणजे ‘जगाचे कापड’, असे म्हणत. भूगोलाच्या तासाला भिंतीवर टांगतात तो ‘मॅप’ त्याच शब्दाचा वारस आहे. दुसरा शब्द ‘एप्रन’. जुन्या फ्रेंचमधील ‘नापरों’ हा इंग्रजीत ‘नेप्रन’ झाला. इंग्रजीत नामाच्या आधी ‘अ’ किंवा ‘अ‍ॅन’ लावतात, आणि ‘अ नेप्रन’ हे शब्द भराभर उच्चारताना ‘अ‍ॅन एप्रन’ असे ऐकू येऊ लागले. शब्दाच्या तोंडचा ‘न’ आधीच्या शब्दाने नेला आणि तो परत आला नाही. सापाला म्हणतात तो ‘अ‍ॅडर’ आणि क्रिकेटच्या मैदानावरचा ‘अंपायर’ यांचेही असेच झाले आहे, दोघांच्या आरंभी पूर्वी ‘न’ होता. उलट ‘निकनेम’ या शब्दाला मुळात नसलेला ‘न’ मिळाला: ‘ईक’ म्हणजे जास्तीचे, म्हणून ‘ईकनेम’ म्हणजे जास्तीचे नाव, आणि ‘अ‍ॅन ईकनेम’ चे ‘अ नेकनेम’ होऊन अखेर ‘निकनेम’ झाले. रुमाल, नकाशा आणि स्वयंपाकघरातला एप्रन हे तिघे एकाच कापडातून बेतलेले आहेत, हे कळल्यावर मला स्वतःला जो आनंद झाला होता तो अजून आठवतो.

नोंद वाचताना तीन खुणा सांभाळाव्यात. डावीकडे टोक असलेली कोनाची खूण म्हणजे ‘पासून आला’. शब्दाआधी तारा असेल तर ते रूप कोणत्याही लेखात सापडलेले नाही, ते अभ्यासकांनी तुलनेने सिद्ध केलेले आहे. आणि ‘पर्हॅप्स’ किंवा ‘प्रॉबेब्ली’ असा शब्द असेल तर तो आपल्या वहीतही ‘कदाचित’ किंवा ‘बहुधा’ म्हणून उतरलाच पाहिजे. कोशकाराने शंका नोंदविली असताना आपण ती गाळून विधान ठाम करणे हा अप्रामाणिकपणा आहे, मग तो नकळत झालेला का असेना.

तिसरी पायरी: पूर्वज, चुलत भावंड आणि उसनवार यांत भेद करावा

‘मदर’ म्हणजे मातृ, ‘फादर’ म्हणजे पितृ, तेव्हा इंग्रजी भाषा संस्कृतातून निघाली, असे विधान आपल्याकडे फार ऐकू येते. शब्दांचे साम्य खरे आहे, निष्कर्ष खरा नाही. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तिन्ही भाषा एका समान उगमातून निघाल्या असाव्यात, आणि तो उगम कदाचित आता अस्तित्वात नसावा, असे मत मांडले. पुढच्या संशोधनाने ते मान्य केले. त्यामुळे मूषक आणि ‘माउस’ हे बापलेक नाहीत, ते चुलत भाऊ आहेत. दोघांचे आजोबा एक. दंडाची बेटकुळी हलताना उंदीर पळाल्यासारखी दिसते म्हणून लॅटिनमध्ये तिला ‘लहान उंदीर’ या अर्थाचे नाव पडले आणि त्यातून ‘मसल’ हा शब्द आला, तोही याच कुळातला.

चुलत भावंड ओळखण्याची कसोटी ध्वनिबदलात असते. जेकब ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, मूळ भाषेतील ‘प’ जर्मानिक भाषांत ‘फ’ झाला, संस्कृतात तो ‘प’च राहिला. पितृ–फादर, पाद–फूट, पूर्ण–फुल या जोड्यांत हा नियम स्पष्ट दिसतो. याउलट ‘पंडित’ या शब्दाचे इंग्रजीत ‘फंडित’ झाले नाही, ‘पंडिट’च राहिले, कारण तो वारशाने मिळालेला नसून अलीकडच्या काळात उसना नेलेला आहे.

हा नियम ज्यांना रुक्ष वाटेल त्यांना मी नेहमी आपल्याच शहरातला पुरावा दाखवितो. तेलुगूत दूध म्हणजे ‘पालु’, कन्नडमध्ये ‘हालु’. तेलुगूत वाघ ‘पुलि’, कन्नडमध्ये ‘हुलि’. तेलुगूत डुक्कर ‘पंदि’, कन्नडमध्ये ‘हंदि’. जुन्या कन्नडमध्ये या शब्दांच्या आरंभी ‘प’च होता, काही शतकांपूर्वी त्याचा ‘ह’ झाला, आणि तो एखाददुसऱ्या शब्दात नव्हे, ओळीने झाला. पूर्व भागातील पद्मशाली घरातले तेलुगू आणि शेजारच्या घरातले कन्नड ऐकत वाढलेल्या मुलाला ग्रिमचा नियम समजावून सांगायला पाच मिनिटे पुरतात, कारण त्याने तसाच नियम नकळत आधीच आत्मसात केलेला असतो. नाते ठरते ते अशा नियमित बदलावरून. नुसते ऐकायला सारखे वाटणे हा पुरावा नव्हे.

चौथी पायरी: गोष्ट ऐकली की तारीख विचारावी

शब्दांच्या जन्मकथा जितक्या चटकदार, तितकी त्यांची तपासणी कडक करावी. गिरण्यांच्या शहरात हमखास सांगितली जाणारी कथा ‘सॅबोटाज’ या शब्दाची आहे. यंत्रमागांनी पोट मारले म्हणून चिडलेल्या युरोपातील विणकरांनी पायांतले लाकडी जोडे, ज्यांना फ्रेंचमध्ये ‘साबो’ म्हणतात, यंत्रांत फेकले आणि त्यावरून घातपाताला हे नाव पडले, अशी ती कथा. १८७७ साली उभ्या राहिलेल्या जुन्या गिरणीच्या आठवणी ज्या शहरात अजून ताज्या आहेत, तेथे ही कथा मनाला भिडते, आणि मीही ती बरीच वर्षे खरी मानत होतो. पण तारखा तिला साथ देत नाहीत. यंत्रमागांविरुद्धचे उठाव एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले आहेत, तर हा शब्द इंग्रजीत आला तो १९१०च्या सुमारास, फ्रान्समधील रेल्वे कामगारांच्या संपाच्या काळात. मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ लाकडी जोडे खडखडवीत चालणे आणि त्यावरून काम ओबडधोबड करणे, बिघडविणे असा होता. जोडे शब्दात आहेतच. यंत्रात फेकलेले मात्र नाहीत.

‘क्विझ’बद्दल अशीच एक कथा आहे. १७९१च्या सुमारास डब्लिनमधील एका नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाने, चोवीस तासांत नवा निरर्थक शब्द रूढ करून दाखवितो अशी पैज लावली आणि रातोरात गावभर भिंतींवर तो लिहून ठेवला, असे सांगतात. परंतु फॅनी बर्नी या लेखिकेच्या रोजनिशीत १७८२ सालीच हा शब्द ‘विक्षिप्त माणूस’ या अर्थाने आलेला आहे. पैजेच्या आधी नऊ वर्षे शब्द वापरात असेल तर पैज त्याची जननी असू शकत नाही.

आद्याक्षरांच्या कथांवर तर सहसा विश्वास ठेवूच नये. ‘न्यूज’ म्हणजे उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिण या दिशांची आद्याक्षरे, हे शाळेत शिकविले जाते. खरे पाहता तो ‘न्यू’ म्हणजे नवे या शब्दाचा, फ्रेंच भाषेच्या धर्तीवर बनलेला अनेकवचनी वापर आहे. ‘पॉश’ म्हणजे हिंदुस्थानला येताना जहाजाची डावी बाजू आणि परत जाताना उजवी, अशा सावलीतल्या महागड्या खोल्यांच्या तिकिटावरचा शिक्का, ही कथा आपल्या देशाशी जोडलेली असल्यामुळे आपल्याकडे फार आवडीने सांगितली जाते. असा शिक्का असलेले एकही तिकीट आजवर सापडलेले नाही, आणि हे स्पष्टीकरण छापून आले तेही १९३०च्या दशकात, म्हणजे शब्द वापरात आल्यानंतर. साधा नियम असा की आद्याक्षरे जोडून शब्द बनविण्याची चाल प्रामुख्याने विसाव्या शतकातली आहे. त्यापेक्षा जुन्या शब्दाला कोणी अशी व्युत्पत्ती लावली तर ती मागाहून रचलेली समजावी.

पाचवी पायरी: अर्थ कसा सरकला, ते टप्प्याटप्प्याने लिहावे

शब्दाचे रूप कोठून आले हे कळले की निम्मे काम होते. उरलेले निम्मे म्हणजे अर्थाचा प्रवास, आणि मला स्वतःला हाच भाग अधिक मोलाचा वाटतो.

विणकामाचे शब्द येथे पुन्हा हाताशी येतात. ‘शटल’ म्हणजे आपला धोटा. त्याआधी जुन्या इंग्रजीत तो बाणासारख्या फेकायच्या शस्त्राचा वाचक होता. बाणासारखा सुटतो म्हणून धोट्याला ते नाव मिळाले, आणि मग धोट्यासारखी दोन टोकांमध्ये ये-जा करणारी ती शटल गाडी, जाळीच्या दोन्ही बाजूंना उडणारे ते बॅडमिंटनचे शटलकॉक, आणि अवकाशात जाऊन परत येणारे ते स्पेस शटल. ‘स्पिन्स्टर’ म्हणजे सूत कातणारी स्त्री. स्वतःच्या कमाईवर जगणाऱ्या अनेक अविवाहित स्त्रिया हे काम करीत, आणि सतराव्या शतकापासून कायद्याच्या कागदपत्रांत अविवाहित स्त्रीच्या नावापुढे हा शब्द लिहिला जाऊ लागला. पुढे त्याला आलेली हेटाळणीची छटा मूळ शब्दात नाही. ‘वेबस्टर’ या आडनावाचा अर्थही विणकर असाच आहे. वडिलोपार्जित वस्तूला म्हणतात त्या ‘एअरलूम’मधील ‘लूम’ म्हणजे माग असे आपल्याला लगेच वाटते, पण जुन्या इंग्रजीत तो कोणत्याही हत्याराचा किंवा अवजाराचा वाचक होता. मागाला तो नंतर चिकटला. ‘शॉडी’ म्हणजे आज आपण निकृष्ट असे समजतो. यॉर्कशायरमधील बॅटली येथे बेंजामिन लॉ याने १८१३ मध्ये लोकरीच्या चिंध्या पिंजून त्यापासून पुन्हा कापड काढण्याची रीत बसविली, त्या कापडाचे हे नाव. अमेरिकेतील १८६१ ते १८६५च्या यादवी युद्धात सैनिकांना पुरविलेले असे गणवेश लवकर फाटले आणि नाव कायमचे बदनाम झाले.

परंतु अर्थबदलाचे माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण ‘जंगल’ हे आहे. इंग्रजीत हा शब्द उच्चारला की दाट, ओली, वेलींनी गच्च भरलेली अरण्ये डोळ्यांसमोर येतात. तो आपल्याकडूनच अठराव्या शतकात इंग्रजीत गेला आणि त्याचे संस्कृत मूळ ‘जांगल’ आहे. आता आयुर्वेदातील भूमीचे वर्णन पाहावे. तेथे देशाचे तीन प्रकार सांगितले आहेत: पाणथळ आणि दाट झाडीचा तो आनूप, कोरडा, विरळ झाडांचा, वाऱ्या-उन्हाचा तो जांगल, आणि दोहोंच्या मधला तो साधारण. म्हणजे ज्याला आज ‘जंगल’ म्हणतात तो मूळच्या हिशेबाने आनूप होय, आणि खरा जांगल देश पाहायचा असेल तर सोलापूरकराने नान्नजच्या रस्त्याला लागावे. पिवळे पडलेले गवत, मधूनच एखादी बोर किंवा बाभूळ, आणि क्षितिजापर्यंत उघडे माळरान, हे ज्या भूमीचे रूप आहे, तिलाच हा शब्द पहिल्यांदा लागू होता. तेथे १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले, तेही याच कोरड्या गवताळ भूमीमुळे. कोरड्या पडीक जमिनीपासून ‘न कसलेली जमीन’, तेथून ‘झुडपे माजलेली जागा’ आणि तेथून ‘घनदाट अरण्य’, असा अर्थ सरकत गेला. प्रत्येक पाऊल लहान आणि समजण्यासारखे आहे, आणि तरीही शेवटचा अर्थ पहिल्याच्या जवळजवळ विरुद्ध आहे. वहीत अर्थ लिहिताना मधली पावले गाळू नयेत, असे मी आग्रहाने सांगतो ते यासाठी.

सहावी पायरी: आपल्या भाषांशी ताडून पाहावे, पण कोशाला विचारून

वरच्या सवयी अंगवळणी पडल्यावर हिंदुस्थानी मुळाचे शब्द हाती घ्यावेत. मराठी माणसाने आरंभ ‘मंगूस’पासून करावा, कारण तो थेट मराठी ‘मुंगूस’वरून घेतलेला आहे. इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी ‘गूस’, म्हणजे हंसासारखा पक्षी, हा शब्द दिसतो, तो निव्वळ कानाला ओळखीचा आवाज म्हणून शिरला. मुंगसाचा त्या पक्ष्याशी काही संबंध नाही. म्हणूनच पक्ष्याचे अनेकवचन ‘गीस’ होते, पण मुंगसाचे ‘मंगूसेस’ असे करतात.

तेलुगू भाषकांच्या वाट्याला ‘बँडिकूट’ येतो. तेलुगूत घुशीला ‘पंदिकोक्कु’ म्हणतात, म्हणजे डुकरासारखा उंदीर. इंग्रजांनी तो शब्द उचलला आणि पुढे ऑस्ट्रेलियात गेल्यावर, घुशीशी कसलेही नाते नसलेल्या, पिल्लू पिशवीत वाढविणाऱ्या एका प्राण्यालाही तेच नाव देऊन टाकले. त्यातला ‘पंदि’ म्हणजे वर आलेला कन्नड ‘हंदि’चा भाऊ. ‘गनी बॅग’मधील ‘गनी’ म्हणजे आपली गोणी, जी मराठी, कन्नड आणि संस्कृत या तिन्ही भाषांत आहे. ‘चिंट्झ’ म्हणजे आपले छापील चीट. त्याचे ‘चिंट्स’ हे अनेकवचन इंग्रजांनी एकवचन समजून वापरले. उन्हाळ्यात घालायच्या, एक पट्टी सपाट आणि एक चुणीदार अशा कापडाला ‘सीअरसकर’ म्हणतात, ते फार्सी ‘शीर ओ शक्कर’, म्हणजे दूध आणि साखर; दुधासारखी मऊ पट्टी आणि साखरेसारखी खरबरीत पट्टी. दखनी बोलणाऱ्या घरात हा शब्द फोड न करताच समजतो.

याच टप्प्यावर घसरण्याचीही शक्यता सर्वांत जास्त असते. ‘बॉम्बास्ट’ म्हणजे फुगविलेली, शब्दबंबाळ भाषा. त्यात ‘बॉम्बे’ ऐकू येते आणि कापसाचा अर्थही त्याच्या पोटात आहे, त्यामुळे मुंबईच्या कापूसबाजाराशी त्याची गाठ घालण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात तो जुन्या फ्रेंचमधून, त्यामागे लॅटिन आणि ग्रीकमधून आलेला आहे. कपड्यांत भरायच्या कापसाला ते नाव होते आणि भाषेतल्या भरावाला ते मागाहून लावले गेले.

व्यक्तींच्या आणि गावांच्या नावांवरून आलेले शब्द त्या मानाने सोपे असतात, म्हणून त्यांवर फार वेळ घालवू नये. चादरीची नक्षी उठविणारा जॅकार्ड हे फ्रान्समधील ल्यों येथील जोसेफ मारी जाकार यांचे नाव आहे. मर्सराइज्ड सूत हे जॉन मर्सर यांच्यावरून, ज्यांनी १८४४ मध्ये कॉस्टिक सोड्याचा सुतावरील परिणाम शोधला आणि १८५० मध्ये त्याचे पेटंट घेतले. मलमलीला इंग्रजीत ‘मस्लिन’ म्हणतात ते इराकमधील मोसूलवरून, ‘कॅलिको’ हे कालिकतवरून, आणि ‘डेनिम’ फ्रान्समधील नीम या गावावरून.

सातवी पायरी: वहीतील नोंद

प्रत्येक शब्दाला एक पान द्यावे. वर अक्षरे सुटी करून स्पेलिंग, खाली पहिला ज्ञात वापर, मग पूर्वजांची साखळी, मग अर्थाचे टप्पे, आणि शेवटी ऐकलेल्या कथा, त्या टिकल्या की पडल्या या शेऱ्यासह. कोशात ‘ओरिजिन अननोन’ असे आढळले तर तेही तसेच उतरवावे. ‘डॉग’सारख्या रोजच्या शब्दाचे मूळही कोशकारांना सापडलेले नाही, आणि त्या जागी आपण एखादे सोयीचे संस्कृत किंवा मराठी मूळ ठोकून देऊ नये.

आठवड्याला दोन शब्द पुरेत. पहिला शब्द म्हणून मी सोलापूरच्या नव्या अभ्यासकाला ‘चादर’ सुचवितो. तो मराठीत फार्सीतून आला आणि तोच फार्सी शब्द इंग्रजीतही ‘चादोर’ म्हणून नोंदलेला आहे, मात्र तेथे त्याचा अर्थ इराणी स्त्रिया डोक्यावरून घेतात ते अंगभर वस्त्र असा आहे. ‘हॉब्सन-जॉब्सन’मध्ये तो ‘चडर’ अशा उच्चाराने लिहिलेला सापडेल. एकच शब्द इराणमध्ये अंगावर घ्यायचे वस्त्र राहिला आणि आपल्याकडे अंथरायची-पांघरायची नक्षीदार चादर झाला. वहीच्या पहिल्या पानावर डावीकडे एक अर्थ, उजवीकडे दुसरा, आणि मध्ये जागा मोकळी ठेवून, तेथील टप्पे कोश उघडून एकेक करून भरावेत.